नाकातलं बिऱ्हाड

"जेवलीस काय गो?" बाळांच्या वॉर्डात आलेल्या प्रत्येक आईला सिस्टर आधी हे विचारायच्या. बाळाचं बोलणं त्यानंतर.

रत्नागिरीतल्या ज्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे सिस्टर कमी दिवसांच्या, काचेच्या पेटीतल्या बाळांना सांभाळत. माहेर-सासर दोन्ही मांडवीचं. आवाज किनाऱ्यावरून होडीवरच्याला हाक मारावी असा. पण पेटीशी वाकल्या की कुजबुजायच्या. हात धुतल्याशिवाय कुणालाच आत सोडत नसत.

एकदा वॉर्डातल्या काही बाळांच्या अंगावर पुवाचे फोड आले. एक मुलगी तर फारच आजारी झाली. सगळ्या स्टाफच्या नाकाची तपासणी करायचं ठरलं. सिस्टर सर्वांत आधी येऊन बसल्या. मी कापसाची काडी नाकात फिरवली तशा शिंकल्या.

"तपासतेस की गुदगुल्या करतेस?"

रिपोर्ट आला. फोडांत सापडला अगदी त्याच प्रकारचा जंतू सिस्टरांच्या नाकात होता. इतर कुणाच्याच नाही. सांगायला मीच गेले.

"पण मला साधी सर्दीपण नाय गो!"

"म्हणून तर कळलं नाही. असा जंतू कितीतरी जणांच्या नाकात असतो. तुमच्या शरीराची त्याच्याशी जुनी ओळख आहे, ते त्याला पुढे सरकू देत नाही. या बाळांच्या अंगात ती ताकद अजून आलेली नाही. आणि तुमच्याकडूनच गेला असंही नाही, सिस्टर. वॉर्डातून तुमच्याकडे आला असेल."

शेवटचं त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. "माझ्या नाकात बिऱ्हाड केलान मेल्यानं, नि मलाच पत्ता नाय," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

नाकात लावायचं मलम दिलं. जंतू गेला, काही आठवड्यांनी परत आला. पुन्हा मलम, पुन्हा तेच. मेट्रन म्हणाल्या, मास्क लावून काम करा. सिस्टरांनी मात्र स्वतःहून ओपीडीत बदली मागून घेतली.

ती मुलगी बरी झाली. घरी जाताना तिची आई मुद्दाम ओपीडीत आली. "सिस्टर, घ्या ना हिला."

सिस्टरांनी हात मागे बांधले. "लांबूनच बरी दिसते हां," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या निवृत्त झाल्या. पुढे त्यांच्या लेकीला मुलगा झाला, म्हणून मी मांडवीला गेले. बाळ पाळण्यात, सिस्टर दाराशी.

"ताई, तुम्ही तरी सांगा आईला," लेक वैतागली होती. "अजून हातात घेतलं नाय तिनं."

"माझं नाक परत तपासतेस?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

"नाही तपासणार. हा पुऱ्या दिवसांचा आहे, आईचं दूध पितोय. घरच्या माणसांचे जंतू त्याला मिळणारच. त्यांच्याशी ओळख करत करतच त्याचं शरीर शिकेल."

"नक्की ना गो?"

"नक्की."

त्यांनी बाळ उचललं. आधी ताठ हातांनी, अंगापासून लांब धरलं. ते कुरकुरलं, तसं छातीशी घेतलं. टोपडं सरकवलं, टाळूला नाक टेकवलं आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.