ओट्याच्या उंचीची जीप

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीला खिडकी नाही. तिथे एकच माणूस बसतो, काचा घासणारा. समोर फिरतं चाक, चाकावर पाण्याची बारीक धार, खालच्या डब्यात काचेचा पांढरा गाळ. पुढून मालक ओरडतो, "झाली का ती काच?" आतून उत्तर जातं, "कड मारतोय." वीस-बावीस वर्षं हा संवाद असाच चाललेला आहे.

मित्र त्याला 'पुढच्यावेळी' म्हणतात. चौघांचा कंपू आहे, चौघांकडे जुन्या जीपगाड्या. वर्षातून एकदा ते कोरड्या नदीच्या पात्रातून, दगडगोट्यांवरून गाड्या वर पठारापर्यंत नेतात आणि तिथे तंबू ठोकून राहतात. सलग दोन वर्षं तो म्हणाला, "या वेळी नाही जमत रे, पुढच्या वेळी नक्की." तिसऱ्या वर्षी कुणी विचारायच्या आतच टोपणनाव ठरून गेलं होतं.

न जमण्याचं कारण घरात होतं. वडिलांनी उभी हयात ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर न्हाणीघरात पाय घसरला आणि कंबर मोडली. हाड जुळलं, पण कंबर वाकेना. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावं लागे. धाकट्या भावाकडे चांगली नवी मोटार होती, पण बुटकी. तिच्यात बसायचं तर आधी खाली वाकायचं, मग आत सरकायचं. "विहिरीत उतरल्यासारखं वाटतं," वडील म्हणत, "आणि बाहेर यायला पोहरा नाही."

जीपचं तसं नव्हतं. दगडांवरून पोट घासू नये म्हणून त्याने ती फार पूर्वीच उचलून घेतली होती. स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे, मोठी चाकं. तेव्हा वडील हसले होते, "गाडी आहे की मचाण?" अपघातानंतर कळलं की दाराबाहेरच्या ओट्याला गाडी चिकटवून उभी केली की तिची सीट आणि ओटा बरोबर एका उंचीला येतात. मध्ये एक गुळगुळीत फळी टाकायची. वडील ओट्यावर बसत, फळीवरून घसरत आत जात, कंबर जराही न वाकवता. हॉस्पिटलच्या मागे माल उतरवायचा धक्का होता, तोही जवळपास त्याच उंचीचा. तिथे दोन वॉर्डबॉय त्यांना उतरवून घेत. "जन्मभर माल उतरवला," वडील त्यांना सांगत, "आता मीच माल."

नदीपात्रासाठी उचललेली गाडी अशी हॉस्पिटलची झाली. गाडी झाली म्हणजे चालकही झाला. दुकानातून निघायचं, वडिलांना न्यायचं, आणायचं, परत काचा. भावाला कधी विचारलं तर तो मनापासून म्हणे, "अरे, बाबांना तुझीच गाडी मानवते. मी काय करू?" यात खोटं काहीच नव्हतं. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

यंदा डाव्या बाजूचा एक पाटा तडकला. पाटे बदलल्याशिवाय गाडी चालणारच नव्हती. तो गॅरेजात गेला. पाटेवाला जाडजूड, बोलायला हात वापरणारा माणूस. त्याने दोन संच जमिनीवर मांडले.

"हा बघा, आहे तसाच. उंची तीच, गाडी तीच, धक्के तेच. आणि हा लांब आणि मऊ. कमान जास्त. एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची तीन जमीन सोडणार नाहीत. सोबत लांब शॉकअप टाकू. पण गाडी चार बोटं वर जाईल."

"चार बोटं?"

"चारच. त्यात काय, तुम्ही तरुण आहात, टाकाल टांग."

तो त्या दुसऱ्या संचाकडे बघत राहिला. पाटेवाल्याला वाटलं, पठाराचा विचार चाललाय. विचार ओट्याचा चालला होता. चार बोटांचा चढ वडिलांना फळीवरून चढता येणार नाही. त्यांना हाताने स्वतःला वर रेटावं लागेल आणि तेच त्यांना जमत नाही. मग भावाला यावं लागेल. कुणाला काही सांगायला नको, भांडण नको. पाटा तर खरोखरच तुटलेला आहे.

"लांब टाका," तो म्हणाला.

काम दोन दिवस चाललं. शेवटी पाटेवाल्याने गाडी जॅकवरून उतरवली आणि मगच पाट्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशचे बोल्ट आवळले. "टांगलेल्या गाडीचे आवळले की रबराला कायमचा पीळ बसतो," तो म्हणाला. "गाडीचं वजन गाडीवर येऊ द्यायचं, मग आवळायचं." मग गॅरेजमागच्या दगडधोंड्याच्या तुकड्यावर दोघांनी एक फेरी मारली. चाकं खड्ड्यांत उतरत होती, चढत होती, आणि स्टिअरिंग धरलेले हात शांत होते. त्याने काही कारण नसताना आणखी एक फेरी मारली.

घरी गाडी ओट्याला लावली. बायकोने फळी टाकली. फळीचं एक टोक ओट्यावर टेकलं, दुसरं वर गेलं. तिने आधी फळीकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे बाबांना विचारून केलंत की नाही?"

"पाटा तुटला होता."

"मी पाट्याचं नाही विचारत."

वडील काठी टेकत बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती नजर फिरवली, खाली चाकामागे बघितलं. "लांब टाकलेस. आणि मऊ," ते म्हणाले. "माल बरा आहे." मग घसरायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर थांबले. बायकोने गोधडीची घडी करून खाली दिली, पण घडी सरकली. "राहू दे गं सूनबाई, उशीवरून कुणी घसरतं का," म्हणत त्यांनी काठी ओट्यावर उभी धरली, सीटच्या कडेला लावली, काठीवर अंगठ्याने जागा धरली आणि काहीतरी पुटपुटत परत घरात गेले. त्याला वाटलं, वैतागले आहेत.

पुढच्या खेपेला धाकटा आला. वडील त्या मोटारीत कसे बसले ते त्याने पाहिलं नाही, तो दुकानात होता. परत आले तेव्हा मात्र तो दारातच होता. भाऊ आणि रस्त्यावरचा एक अनोळखी माणूस मिळून वडिलांना काखेत हात घालून बाहेर ओढत होते. वडिलांचा एक बूट मोटारीतच राहिला. चेहरा राखेसारखा झाला होता. भाऊ घामाघूम. "बघ," तो म्हणाला, "शनिवारी येतो मी, शब्द दिलाय. पुढचं मात्र बघावं लागेल."

"शनिवारचं बघ तू. मी शुक्रवारी जातोय," तो म्हणाला. कंपूला त्याने तसं कळवलंही. उलट निरोप आला, "पुढच्यावेळी, ही वेळ कुठली?" तो बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला.

गुरुवारी त्याने दुकानात उरलेल्या सगळ्या काचा संपवल्या. मालक म्हणाला, "आज चाकाला काय इंजीन लावलंय?" तंबू, दोर, पाण्याचे कॅन आदल्या रात्रीच गाडीत भरून झाले होते. संध्याकाळी घराच्या वळणावर आला तेव्हा त्याला वाटलं, शेजाऱ्याचं काहीतरी बांधकाम चाललंय. जवळ आल्यावर दिसलं की घमेलं आपल्याच दारात आहे.

गवंडी ओट्यावर गुडघे टेकून दगडी फरश्या बसवत होता. वडील दारातल्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. काठीला सुतळीचा एक तुकडा बांधलेला होता, बरोबर जिथे त्यांनी अंगठा धरला होता तिथे.

"आलास? बरं झालं," ते म्हणाले. "गाडी लावून बघ एकदा. ओट्याला घासू नकोस, ओलं आहे."

त्याने गाडी लावली. सीट अजूनही किंचित वर होती.

"एक बोट कमी आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"असायलाच पाहिजे. चार चढलास, मी तीन चढवला. नवे पाटे महिन्याभरात एक बोट बसतात. माझ्या ट्रकचे बसायचे, तुझे काय वेगळे? तोवर एका बोटाचं मी बघेन. हॉस्पिटलात ते दोन पैलवान आहेतच."

गवंडी हसला. "आजोबांनी मला दुपारपासून हलू दिलं नाही, साहेब. सुतळी दाखवतात आणि म्हणतात, केसभर इकडेतिकडे नको."

"शनिवारपर्यंत सुकेल," वडील म्हणाले. "धाकट्याला फोन केला मी. म्हटलं, तू नको येऊस, काम झालं. बिचाऱ्याच्या जिवावर आलं होतं. मोकळा झाला."

बायको आत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गाडीच्या मागच्या भागाकडे पाहिलं, जिथे तंबूची पिशवी काचेला दाबून बसली होती, आणि आत वळली.

वडिलांनीही तिकडे पाहिलं असावं. ते थोडा वेळ काठीवरची सुतळी बोटाने फिरवत राहिले. मग गवंड्याला म्हणाले, "थांब जरा," आणि मुलाकडे वळले.

"अजून वर न्यायची असेल गाडी तर आत्ताच सांग, लेका. सिमेंट ओलं आहे तोवर होईल. नंतर फोडावं लागेल."

गवंडी थापी हातात धरून वाट बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "एवढीच."

"मग घोट रे," वडील गवंड्याला म्हणाले.

तो मागच्या बाजूला गेला आणि एकेक करून पाण्याचे कॅन उतरवू लागला. शेवटचा कॅन उतरला तेव्हा गाडी मागून जराशी वर आली. वडिलांनी ते पाहिलं. काठी सीटला लावून त्यांनी पुन्हा एकदा माप घेतलं.