क्रेनवरच्या ताईंचे थेंब

कल्पना करा, तुम्ही टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसला आहात. पायाखाली काच, काचेखाली अर्धवट बांधलेली इमारत आणि तिच्यात मुंग्यांएवढी माणसं. दोरावर लोखंडी सळ्यांचा भारा लटकतो आहे आणि वाऱ्यानं झोके घेतो आहे. मन ओरडतं, मागे ओढा! तसं केलंत तर झोका वाढतो. भारा जिकडे झुकला तिकडेच ट्रॉली, म्हणजे दोर टांगलेली वरची गाडी, न्यायची आणि बरोबर त्याच्या डोक्यावर आणून थांबवायची, की झोका तिथेच विरतो. याला झोका पकडणं म्हणतात. उशीर झाला तर गेलं, घाई झाली तरी गेलं.

ताई हे काम बरीच वर्षं करत आहेत. साइटवर त्यांना सगळे ताईच म्हणतात, वयानं मोठे गवंडीसुद्धा. त्यांचे यजमान फ्रिज दुरुस्त करतात. बायको कुठे आहे असं कुणी विचारलं की ते शांतपणे सांगतात, "ती आत्ताच वर गेली," आणि नवा माणूस दचकला की खूश होतात.

गेल्या थंडीत एका वावटळीत फळ्यांचा भारा परांचीला घासून गेला. कुणाला खरचटलंही नाही. चौकशीत दोष वाऱ्याचा ठरला. ताईंच्या पोटात मात्र तेव्हापासून गोळा बसला. जेवण जाईना, झोप लागेना, शिडी चढताना तळहात ओले व्हायचे.

हे नणंदेनं ओळखलं. नणंदेचं केस कापायचं दुकान आहे आणि जगातली अर्धी औषधं तिला गिऱ्हाइकांकडून कळलेली असतात. एक दिवस तिनं छोटी बाटली पुढे ठेवली.

"वहिनी, हे तेल घे. रोज थोडे थेंब, जिभेखाली."

"काय आहे हे?"

"सीबीडी. कॅनाबिडिऑल. गांजाच्या झाडातलं."

"वन्सं! मला क्रेन चालवायचीय, विमान नाही उडवायचं."

"अगं, नशा आणतं ते वेगळं. हे त्याचं सज्जन भावंड. माझी निम्मी गिऱ्हाइकं घेतात."

"तरीच. केस वाकडे कापले तरी कुणी ओरडत नाही."

ओरडल्या ताईही नाहीत. त्या रोज थेंब घेऊ लागल्या. हळूहळू गोळा सैल झाला, झोप परतली, आणि यजमानांनी पैजेवर सांगितलं की ही आता स्वयंपाकघरात गुणगुणते.

मग कंपनीची आरोग्य तपासणी आली. कोणती औषधं चालू आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि ताईंनी खरं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाटलीवर लिहिलेलं आणि बाटलीत असलेलं नेहमी एकच असतं असं नाही. नशेच्या घटकाचा अंश जरी असला आणि रोज पोटात गेला, तरी लघवीच्या तपासणीत दिसू शकतो. दिसला तर तुमची केबिन गेली, मलाही काही करता येणार नाही. तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलते. तोवर थेंब बंद."

"पण मला गुण आलाय."

"आला असेल. लोकांसमोर बोलण्याआधी एकच मोठा डोस दिला, तर भीती कमी झाल्याचं काही प्रयोगांत दिसलंय. पण रोजचा ताण आणि रोजचे थोडे थेंब, तेही महिनोन्‌महिने, यावरचे प्रयोग मोजकेच आहेत, लहान आहेत आणि त्यांचे निकाल जुळत नाहीत. काहींना गुंगी येते, काहींच्या यकृताला त्रास होतो, दुसऱ्या औषधांशी बिनसतं ते वेगळंच. थेंबांनी तुमच्यात नेमकं काय बदललं, मला सांगता येणार नाही. तुम्हाला येईल?"

ताईंना वाटलं, येईल की.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रोजच्यासारखी रिकामी क्रेन तपासत होत्या. आधी नुसता हुक वर-खाली, मग नुसती ट्रॉली, मग नुसता क्रेनचा आडवा हात फिरवायचा. दोन हालचाली एकदम कधीच करायच्या नाहीत. कुठे खरखरलं तर ते कशामुळे, हे कळायला हवं. ट्रॉली मध्यावर असताना ताईंचा हात थांबला. थेंब सुरू केले त्याच आठवड्यात त्यांनी संध्याकाळची पाळी सोडून सकाळची घेतली होती. खालून इशारे देणाऱ्या जुन्या तिरसट सिग्नलवाल्याच्या जागी नवा आला होता तोही त्याच आठवड्यात. तीन हालचाली एकदम! यंत्राशी त्या असं कधीच वागल्या नसत्या.

त्यांनी वॉकीटॉकी उचलली आणि सिग्नलवाल्याला सगळं सांगितलं.

"थेंब बंद केलेत. माझ्या भाऱ्यांवर नजर ठेव. झोका वाढायला लागला तर तोंडावर सांग, मी आपणहून खाली उतरेन."

"सांगेन ना, ताई. भाऱ्याखाली मीच उभा असतो. मला काय हौस आहे?"

काही दिवस बरे गेले. मग वारा सुटला आणि गोळा परत आला. सळ्यांचा भारा डावीकडे झुकला. तळहात घामेजले असतानाच ताईंनी ट्रॉली त्याच्या मागोमाग नेली, थांबवली, भारा खाली टेकवला.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"काय दिसायचं? भारा आला, सोडवला."

"थेंब घेत होते तेव्हापेक्षा काही वेगळं?"

"खालून तरी नाही."

वरून होतं. पण ते त्याला कसं दिसणार?

पुढच्या महिन्यात तपासणीत काही निघालं नाही. केबिन राहिली. "झालं ना? मग घे आता परत," नणंद म्हणाली. ताईंनी बाटली फडताळातच राहू दिली. वारा असला की गोळा असतो, नसला की नसतो.

ताई फिटनेसचा दाखला घ्यायला गेल्या, डॉक्टरीणबाईंनी सही केली. दाखला हातात आला तरी ताई उठल्या नाहीत.

"डॉक्टर, भारे तेव्हाही नीट उतरत होते, आताही उतरतात. मग थेंबांनी माझा ताण कमी होत होता, की ताण आहे हे मला कळणंच कमी होत होतं? आणि वर बसणाऱ्या बाईनं यातलं कोणतं मागावं?"