उद्याबाईचा पातळ काप

घरात माझ्या नणंदेला सगळे ‘उद्याबाई’ म्हणतात. कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं, “उद्या करते.” या सगळ्या उद्यांची बेरीज पदवीच्या निकालात झाली. वनस्पतिशास्त्रात काठावर पास. प्रात्यक्षिकात तिने देठाचा काप काढला, तर परीक्षकांनी विचारलं, “हा काप आहे की फोड?” हे तिनेच घरी येऊन हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नव्हतं.

दोन वर्षं चपलांच्या दुकानात काढल्यावर तिला एमएस्सी करायची हुक्की आली. विभागप्रमुख बाईंनी गुण पाहून सांगितलं, “जुने गुण पुसता येत नाहीत. दोन विषय पुन्हा शिकून परीक्षा दे, मग बघू.” मी मनात म्हटलं, झालं, आता उद्या.

पण ही दुसऱ्याच दिवशी वर्गात हजर. नव्या बाई आल्या समजून अख्खा वर्ग उठून उभा राहिला. “बसा, बसा, मी तुमच्यातलीच,” म्हणत ती पहिल्या बाकावर बसली. सकाळी वर्ग, दुपारनंतर दुकान आणि उरलेल्या वेळात माझं स्वयंपाकघर. बटाट्याच्या फोडीत देठ धरायचा, ब्लेड ओलं करायचं आणि काप काढायचे, आरपार उजेड दिसेल इतके पातळ. सासूबाई म्हणायच्या, “देठाचा कीस पाडते, भाजी मात्र मलाच चिरावी लागते.” तिच्या बोटांना कायम पट्ट्या. वर्षभर तिच्या तोंडून ‘उद्या’ ऐकलं नाही. ही आमचीच ना, असं मला वाटायला लागलं.

दोन्ही विषयांत उत्तम गुण मिळाले. प्रवेशाच्या मुलाखतीला मी सोबत गेले. प्रयोगशाळेचं दार उघडंच होतं, मी बाहेरच्या बाकावर. बाईंनी विचारलंच, “मग पदवीला इतके कमी गुण का?”

उत्तर मला पाठ होतं. त्याच वर्षी सासरे अंथरुणाला खिळले होते. कारण खरं होतं आणि कुणालाही पाझर फुटेल असं होतं.

“त्या वर्षी बाबा आजारी होते,” ती म्हणाली. “पण त्यांचं सगळं आईने आणि वहिनीने केलं. मी बाहेर भटकत होते. अभ्यास केला नाही, म्हणून गुण नाहीत.”

मी बाटलीतून पाणी पीत होते, ती तशीच हातात राहिली. त्या वर्षाबद्दल घरात कुणी माझ्यापाशी चकार शब्द काढला नव्हता.

बाईंनी तिच्यापुढे एक देठ आणि ब्लेड ठेवलं. काप काढून, लाल रंगात बुडवून, काचेवर ठेवून तिने ती काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बाई बराच वेळ बघत होत्या. मग दाराकडे वळून म्हणाल्या, “वहिनी तुम्हीच ना? या, बघा.”

मी डोळा लावला. काडीएवढ्या देठात खोल्याच खोल्या, भिंतीला भिंत लागून, एकही चुरगळलेली नाही. असे देठ मी रोज खुडून केरात टाकते. माझ्याच्याने डोळा काढवेना.

“एक तारखेपासून ये,” बाई तिला म्हणाल्या.

जिन्यात मी तिला म्हटलं, “बाबांचं कारण पुढे केलं असतंस, तरी चाललं असतं की.”

“ते कारण तुझं होतं, वहिनी. रात्ररात्र तू जागलीस. मी ते माझ्या नावावर कसं खपवू?”

मला तिला खूप काही सांगायचं होतं.

“घरी चल,” मी म्हटलं. “उद्या बोलू.”