बॉल बाहेर जाईपर्यंत

मिलच्या फुटबॉल टीमचा पगाराचा झगडा मिटला, तेव्हा अख्ख्या मैदानात एकच माणूस नाखूश होता. तो मी. कारण सांगतो, आणि सांगताना लाजणार नाही. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

सत्तर साल उलटून गेलं होतं. नागपुरात आमच्या कापडमिलची टीम होती. खेळाडू मिलमध्येच नोकरीला, पण बाहेरगावी मॅचला गेले की त्या दिवसांचा पगार कापायचे. दूध-अंड्याचा भत्ता मिलचा साहेब देतो म्हणायचा आणि विसरून जायचा. शेवटी खेळाडूंनी आपली युनियन काढली आणि सांगून टाकलं की पैशाचं ठरल्याशिवाय बूट घालणार नाही. आम्ही पाहणारे सगळे त्यांच्या बाजूनं. मी सूतखात्यात होतो. शाळा चौथीत सुटली, पण गेटसमोरच्या पानठेल्यावर मी खेळाडूंच्या हक्कावर बोलायला लागलो की पानठेलेवाल्याचा हात चुन्यात तसाच राहायचा.

अडचण लीगच्या नियमाची होती. ओळीनं दोन मॅचला टीम आली नाही की नाव कट. एक मॅच बुडाली होती. दुसरी रविवारी, कामठीच्या टीमशी. तेव्हा कॅप्टन पानठेल्यावर आला. पोरगं पंचविशीतलं, बोलायला गोड.

"भाऊ, एक काम करा. रविवारी तुम्ही लोकच उतरा. आम्ही खेळलो तं संप मोडते, कोणीच नाही खेळलं तं टीम मोडते."

"आम्ही?" पानठेलेवाला म्हणाला. "माह्यं पोट पाह्य ना गा."

"जिंकायचं नाही आहे. फक्त उभं राहाचं."

"उभं राहाले बिजलीचा खांब बोलाव," मी म्हणालो. "मी खेळीन. लेफ्ट-आउट."

मिलच्या लेफ्ट-आउटला, म्हणजे डाव्या कडेनं बॉल पळवणाऱ्याला, मी कित्येक वर्षं लाइनीवर उभा राहून शिकवत होतो. तो शिकला नाही, तो दोष त्याचा. पण स्वतः मिलची जर्सी घालून आत पाय ठेवायचा, ही गोष्ट मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. चाळिशी उलटली होती. आता नाही तर कधीच नाही, एवढा हिशेब मला येत होता.

घरी बायको म्हणाली, "काहून नाचून राहिले?"

मी सांगितलं.

"पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले. पाय मोडून घ्या, म्हणजे ते म्हणतीन बाप लंगडा."

"खेळाडू म्हणतीन वं."

बोलली तेवढं बोलली, पण बूट मोठे होते म्हणून पुढे कोंबायला कापूस तिनंच आणून दिला.

रविवारी गर्दी अशी, की खऱ्या टीमला कधी झाली नसेल. लोक आमची फजिती पाहायला आले होते. आम्ही अकरा जण जर्सी घालून मैदानात, आणि खरे खेळाडू साध्या कपड्यात लाइनीवर. रेफरी घड्याळ पाहत होता. तेवढ्यात खेळाडूंच्या युनियनचा सेक्रेटरी एक हात हवेत ठेवून सायकल हाणत आला.

"झाला! समझोता झाला! साहेबानं सही केली!"

काय तो गोंधळ! टोप्या उडाल्या. कोणीतरी ढोल आणला होता, तो वाजायला लागला. पानठेलेवाला मैदानातच बसला आणि म्हणाला, "सुटलो बाप्पा." लाइनीवर लगेच भांडण सुरू.

"पगार कापणार नाही म्हणते. पण अंडं एकच मंजूर झालं, गा. मागितले होते दोन."

"मंग एकावर मानले कायले? आम्ही एवढं वरडलो ते एका अंड्यासाठी?"

"तू खाणार आहे का बे ते अंडं?"

"नसीन खात. पण दोन म्हणजे दोन."

इकडे आमच्या लोकांनी भराभर जर्स्या काढून दिल्या. खरा लेफ्ट-आउट माझ्यासमोर उघड्या अंगानं हात पुढे करून उभा.

"भाऊ, जर्सी."

"कोणती?"

"अंगातली."

"ते माह्यी आहे."

कॅप्टन धावत आला. "भाऊ, झगडा मिटला ना. तुम्हीच तं रोज म्हणत होते, मिटला पाहिजे."

"मिटलाच पाहिजे होता. पण सोमवारी."

"आता समझोता झाला..."

"तुमचा झाला. माह्याशी कोण बोललं?"

लोक हसत होते. हसू दिलं. तिकडून रेफरी ओरडला, "अकरा माणसं उभे करा, नाही तं मी चाललो घरी." कॅप्टननं डोकं खाजवलं.

"बरं. सुरुवात तुम्ही करा. पहिल्यांदा बॉल लाइनीबाहेर गेला, का तुम्ही बाहेर, हा आत. मंजूर?"

"मंजूर."

सगळ्यांसमोर हात मिळवला. कॅप्टन गालात हसत होता, कारण आमच्या लीगमध्ये बॉल आत कमी आणि बाहेर जास्त असायचा.

शिट्टी झाली. बॉल डावीकडून निघाला बाहेर, मी पोटावर घेतला. उजवीकडून निघाला, मी तिकडे.

"भाऊ, तुमची जागा तिकडे आहे!" कॅप्टन ओरडला.

"बॉल इकडे आहे ना!"

आमचाच एक बॅक, लबाड, मुद्दाम लाइनीकडे मारायला लागला. तेही अडवले. कामठीवाल्यांचे चुकून लाइनीकडे निघालेले बॉल मी धावून धावून आतच अडवून त्यांना परत देत होतो. त्यांचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ये बुड्ढा किसकी तरफ से है?" लोकांना सौदा कळला होता. मैदानभर एकच ओरडा, "वाचव भाऊ! गेला तं तू गेला!" लेफ्ट-आउट बिचारा लाइनीवर जागच्या जागी उड्या मारून अंग गरम ठेवत होता.

मग त्यांच्या उंच फॉरवर्डनं आमच्या गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल टाकला. बॉल घरंगळत गोलाकडे चाललेला. मी सगळीकडेच असल्यामुळे तिथंही होतो. फॉरवर्ड माझ्या मानेवर आलेला. गोल झाला तरी मी बाहेर, बाहेर मारला तरी मी बाहेर. मग जायचंच आहे तर कसं जायचं ते मीच ठरवीन म्हटलं, आणि जी लाथ घातली!

बॉल गोलाच्या वरून, भिंतीच्या वरून, मागच्या कापसाच्या गोदामात. गोदामाला रविवारचं कुलूप. बॉल एकच होता.

लेफ्ट-आउट पळत आत आला.

"थांब," मी म्हणालो. "बॉल बाहेर गेला, मान्य. पण मॅच बंद आहे. सुरू होईन तेव्हा ये."

रेफरीकडं पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि बिडी पेटवली.

चौकीदार किल्ली घेऊन घरी जेवायला गेला होता. त्याला आणायला सेक्रेटरीची सायकल पिटाळली. मी मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, जर्सीचा नंबर लोकांना नीट दिसेल असा. एकदा या बाजूला तोंड, एकदा त्या बाजूला. कॅप्टन पुन्हा आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, आता तरी."

मी म्हणालो, "बॉल आणा."