दगडाला दिलेला दम

भूत, नजर, बाहेरचं... यातलं काही मला पटत नाही. माहेरी कोणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून चुलीपाशी जायचे. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, शाळाही चौथीपर्यंतच, म्हणून वाद घालत नाही. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. कोणी वाचलंच तर त्याने ठरवावं.

वसई पूर्वेला, वालीवच्या पुढे, डोंगर कापून आमची चाळ बसवली होती. आमची खोली अगदी शेवटची. मागे कापलेला कडा — भिंतीला उभ्या लावलेल्या फळ्यांसारखे काळे दगड. आमच्या मागचा दगड दोन मजली उंच, आणि दरवर्षी थोडा पुढे झुकायचा. त्याच्या पाठीमागे भेग होती. तिच्यात पाणी शिरू नये म्हणून चाळीतले पुरुष दर उन्हाळ्यात वर चढून तिच्यात रॅबिट भरायचे — फुटक्या विटा, लाद्या, माती. मग शेंदूर लावून नारळ. दगडाला सगळे बाबा म्हणत, म्हणून या कामाला म्हणायचे, ‘बाबाची पाठ भरली.’

गौरी-गणपती गेल्यानंतरची दुपार. पावसाने उघडीप दिली होती. नवरा कारखान्यात. घरात मी आणि सासू. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच. मी मागच्या उघड्या मोरीत तवा घासत होते, तर पत्र्यावर बारीक खडे पडायला लागले. वर बघते तर दगडाचा माथा पुढे येतोय... बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या माणसाची मान येते तसा, सावकाश. मागची भेग फाकली. आतलं रॅबिट बाजूने सगळं सांडलं आणि भेगेतून पलीकडचं आभाळ दिसलं.

मी तवा उगारला आणि ओरडले, "थांब! मुडद्या, थांब तिथेच! आत म्हातारी आहे!"

तो थांबला. अर्धा झुकलेला, आमच्या पत्र्यावर, हवेत.

आतून सासूबाई म्हणाल्या, "कोनाशी भांडतेस गो? कदी तोंड उघडत नाय ती!"

"दगडाशी. चला आई, बाहेर जायचंय."

"मंग जोरात बोल. बहिरा आसंल तो."

मी त्यांना गोधडीवर घेतलं आणि ओढायला लागले. दारात त्यांनी चौकट धरली. "मी नाय येनार. माज्या पोराच्या घामाची खोली हाय ही."

"पोराला आई पाहिजे, खोली नको!" एवढ्या जोरात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांची बोटं एकेक करून सोडवली. शेजारची मनीषा धावत आली, तिने वर झुकलेला दगड पाहिला. तरी तिने गोधडीचं दुसरं टोक धरलं. आम्ही गटार ओलांडून रस्त्यावर आलो. मी वळून पाहिलं, आणि तेव्हाच तो खाली आला. खाट, मोरी, भिंती... धूळ बसली तेव्हा खोली नव्हती.

नंतर एक इंजिनीअर साहेब बघायला आले. म्हणाले, "भेगेत भरलेल्या मातीने पाणी धरलं, ती फुगली आणि तिनेच दगड पुढे ढकलला. तुम्हीच ढकललात म्हणा ना." ते पटलं. पण मधे तो थांबला कसा, विचारलं तर म्हणाले, "मागे काहीतरी अडकलं असेल." मी म्हटलं, मागे काहीच नव्हतं, मी आभाळ पाहिलं. तेव्हा म्हणाले, "मग तो थांबलाच नसेल, ताई. माथा एवढा बाहेर आल्यावर दगड थांबत नाही."

मनीषाने पाहिलंय. तिलाही खोटं ठरवलं.

चाळीतले उलट म्हणाले, "बाबाने तुझं ऐकलं. त्याला नारळ फोड." मी नाही फोडला. माझं घर खाणाऱ्याला नारळ मी का फोडू? देव असेल तर झुकलाच कशाला? दगड असेल तर थांबला का?

आता बाजूचा दगड झुकतोय. परवा चाळ कमिटीचे काका घमेली घेऊन पाठ भरायला निघाले होते. मी वाटेत आडवी उभी राहिले. काका हसले, "घाबरतेस काय? तू आहेस ना, दम दे त्याला."

मी म्हटलं, "त्याला एकदा दिला. आता तुम्हाला देतेय. घमेली खाली ठेवा आणि बायकापोरांना बाहेर काढा."

घमेली अजून रस्त्यावर पडली आहेत. तीन खोल्या रिकाम्या झाल्या. बाकीच्यांच्या दारात मी उद्या पुन्हा जाणार आहे.