सोमवारी गोळी चालू

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५. पाऊस नाही. दूध आले नाही. भिकाबाई झोपेतून उठेनात म्हणून निताने त्यांना दवाखान्यात नेले. दुपारी शुद्धीवर आल्या.

मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या पद्मजाबाईंनी डायरीत एवढेच लिहिले. तांड्यावरच्या भिकाबाई औंढ्यात त्यांच्याकडे दूध घालायच्या आणि ओट्यावर बसून कपभर चहा घ्यायच्या, त्याला बरीच वर्षे झाली होती. स्तनाचा कर्करोग पाठीच्या हाडात उतरला, तरी सून निताच्या गाडीवर मागे बसून त्या येतच राहिल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी दिली होती, सकाळी एक, संध्याकाळी एक. तेव्हापासून त्यांना निदान पाठ टेकता येत होती.

मग श्रावणातला सोमवार आला. नागनाथाच्या उपासाला चहा चालतो, गोळी चालत नाही, हा भिकाबाईंचा कायदा. त्यांनी दिवसभर कण्हत दोन्ही गोळ्यांचा खाडा केला आणि मंगळवारी उठल्या उठल्या कालच्या दोन व आजची एक अशा तिन्ही एकदम गिळून त्या पुन्हा आडव्या झाल्या.

गुरुवारी पद्मजाबाई तांड्यावर गेल्या.

"राहिलेली गोळी भरून काढायची नसते, भिकाबाई. श्वास थांबला असता."

"मंग राहिलेला उपास कोन भरून काढंल?"

"औषधाने उपास मोडत नाही."

"व्हय, सोमवारचा उपास तुमच्या मिशनच्या शाळेतच शिकवत असतील!"

निता तोंडाला पदर लावून हसली. पद्मजाबाईंनी ते मनावर घेतले नाही. पुढचा सोमवार चार दिवसांवर होता, आणि पुन्हा एकतर ठणका नाहीतर तीन गोळ्या.

"काही सोडल्याबगर उपास कसा व्हईल, बाई?"

"जेवण सोडताच की."

"जेवन तर तसंबी जात न्हाई. त्याच्यात देवाला काय दिलं?"

"मग दुसरं काही सोडा," एवढे म्हणून पद्मजाबाई परत आल्या.

सोमवारी निताची गाडी दाराशी थांबली. भिकाबाई ओट्यावर टेकल्या. पद्मजाबाईंनी चहा पुढे केला, तर त्यांनी कप परत सरकवला.

"गोळी घेऊन आले. चहा बंद. नागनाथाला तसं सांगून टाकलं."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हनंल? त्याला कुठं तल्लफ येती!" भिकाबाईंनी कपाकडे एकदा पाहिले आणि पाणी मागितले.

त्या संध्याकाळी पद्मजाबाईंनी लिहिले : दूध अर्धा लिटर. चहाचा एक कप उरला होता, तो चार वाजता गरम करून घेतला.