गादीमागची ऊब

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या त्या गल्लीत गुरुदत्त प्रधान सगळ्यांत जुने. घराबद्दल सल्ला द्यायचा तो त्यांनीच. असं असताना २००४च्या हिवाळ्यात समोरच्या मोरेश्वरने, कालच्या पोराने, त्यांना न विचारता भिंतींच्या तळाशी गरम पाण्याचे हीटर बसवून घेतले. गुरुदत्तांची बायको कांचन तिकडे चहा पिऊन आली आणि म्हणाली, "काय छान ऊब आहे हो. आणि आवाज म्हणून नाही."

गुरुदत्तांच्या पोटात दुखलं. महिन्याभरात त्यांनीही हीटर लावले, मोरेश्वरपेक्षा दोन जास्तच. बॉयलर तापायचा, पाइप तापायचे, हॉल मात्र गारठलेलाच. शेवटी कांचनने परस्पर मोरेश्वरला बोलावलं.

त्याने वाकून पाहिलं. "काका, सिस्टिम मस्त आहे. तुमच्या बैठकीच्या गाद्या आणि लोड भिंतीला लागून आहेत ना, त्यांनी हीटर झाकलेत. हातभर पुढे ओढा, बस."

"बैठक तीस वर्षं तिथेच आहे," गुरुदत्त म्हणाले.

तो गेल्यावर कांचन गादी ओढायला वाकली.

"राहू दे," ते म्हणाले आणि कपाटातली कानटोपी घालून लोडाला टेकून बसले.